पुलावरून काढलेला फोटो

“आणखी एक मोर,” वेलणकरबाई म्हणाल्या आणि तो फोटो त्यांनी डावीकडच्या गठ्ठ्यावर टाकला.

डावीकडचा गठ्ठा बाद झालेल्यांचा. सकाळी नऊपासून आम्ही तिघं माणकीच्या हायस्कूलमधल्या चित्रकलेच्या वर्गात बसलो होतो. रविवार होता, शाळा बंद होती. मुलांची बाकं एकमेकांना जोडून त्यांच्यावर फोटो मांडले होते. मोर झाले, तळहातावर माती घेऊन त्यात रोप धरलेले हात झाले, भेगाळलेल्या जमिनीवर नेऊन बसवलेली म्हातारी माणसं झाली. सूर्यास्त तर मोजायचेच आम्ही सोडून दिले होते.

“लोकांना निसर्ग म्हटलं की मावळताच सूर्य का दिसतो?” बाईंनी विचारलं.

“उगवता बघायला लवकर उठावं लागतं,” मी म्हणालो. खानविलकर हसले.

स्पर्धा आमच्या दैनिकाच्या वर्धापनदिनाची होती. विषय ‘आपलं पर्यावरण’. पहिला आलेला फोटो पहिल्या पानावर, अर्धं पान भरून छापायचा, असं जाहीर केलं होतं. मी त्या दैनिकात सव्वीस वर्षं छायाचित्रकार होतो, तेव्हा मुख्य परीक्षक आपोआपच मी. वेलणकरबाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. तिसरे सुरेंद्र खानविलकर, औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांच्या संघटनेचे सचिव. संघटनेने स्पर्धेचा खर्च उचलला होता, म्हणून त्यांचा एक माणूस घ्यायचा असं ठरलं होतं. त्यात कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. खानविलकर इंजिनियर, वाचनाची आवड असलेले, मोजकं बोलणारे. आमची वीस वर्षांची ओळख. माझ्या मुलीच्या लग्नात ते सकाळपासून मांडवात उभे होते.

एकशे त्र्याहत्तर नंबरचा फोटो त्यांनीच उचलला. बराच वेळ पाहिला, डावीकडे टाकला नाही, उजवीकडेही ठेवला नाही. माझ्यासमोर सरकवला.

“हा बघा, परचुरे. हा तुमच्या आवडीचा.”

ओहोटीची खाडी होती, वरून खाली पाहिलेली. सगळीकडे राखाडी चिखल, आणि चिखलातून वाहत जाणारा एक ओहोळ. त्याचा रंग दौतीतल्या शाईसारखा जांभळा. ओहोळाच्या दोन्ही काठांना मेलेली बोय मासळी पडली होती, डोकं सगळ्यांचं एकाच दिशेला, कुणी बसून मांडून ठेवावी तशी. आणि मधोमध एक बगळा. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत जांभळे झालेले. समोर एवढी मासळी पडली होती, पण तो तिला चोच लावत नव्हता. नुसता उभा होता.

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. असा फोटो माझ्या हातून सव्वीस वर्षांत निघाला नव्हता, हे मला पहिल्याच नजरेत कळलं.

फोटोच्या मागे फक्त नंबर आणि स्थळ लिहायचं, नाव वेगळ्या बंद पाकिटात द्यायचं, असा नियम होता. मागे निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं : ‘माणकी खाडी, पुलावरून.’

“पहिला,” बाई म्हणाल्या. “दुसरं काही बघायची गरजच नाही.”

खानविलकर म्हणाले, “फोटो चांगलाच आहे, वादच नाही. पण पुलावरून?”

“तसं लिहिलंय.”

त्यांनी फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. चिखलावर सावलीच्या तीन-चार बारीक समांतर रेघा पडल्या होत्या. “पुलाचा कठडा सिमेंटचा आहे, परचुरे. ही सावली पाइपाची आहे. जागा खरी नसेल तर फोटो माणकीचा कशावरून? कुठल्या लांबच्या गावचा असेल, कॉम्प्युटरवर जोडलेला असेल. उद्या तुम्ही पहिल्या पानावर छापणार आणि परवा कुणी म्हणणार, हा इथला नाहीच. शोभा तुमच्या पेपरची होईल.”

बोलणं वाजवी होतं. आम्ही नऊ फोटो निवडले, एकशे त्र्याहत्तर त्यांत ठेवला, आणि शनिवारच्या बैठकीपर्यंत मी खात्री करून यायचं असं ठरलं. पाकीट फोडायचा अधिकार मुख्य परीक्षकाचा. मी ते घरी आल्यावर फोडलं. शांताराम गोविंद जुवळे, मुक्काम जुवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो घेऊन पुलावर गेलो. ओहोटी होती. पुलावरून तो ओहोळ दिसतच नव्हता. तो तिवरांच्या झाडीमागे, खाडीच्या वळणापलीकडे होता. मी खाली उतरून बांधाबांधाने चालत गेलो. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जात होते. वास असा होता की रुमाल बांधूनही डोक्यात चढत होता. झाडी संपली आणि समोर रंगाच्या कारखान्याची मागची भिंत आली. भिंतीला लागून पंपघर, आणि पंपघराच्या खाडीकडच्या अंगाला लोखंडी जाळीची एक अरुंद मार्गिका, पाइपाचा कठडा असलेली. कारखान्याचं सांडपाणी ज्या नळातून बाहेर पडायचं, त्या नळाच्या बरोबर वर.

मी फोटो हातात धरला आणि मागेपुढे सरकत जागा जुळवत गेलो. सावली पश्चिमेला पडलेली, म्हणजे सकाळ. तिची लांबी पाहता उजाडून तासभर झालेला. फोटोत नळ दिसत नाही, कारण तो फोटो काढणाऱ्याच्या पायाखाली आहे. मार्गिकेच्या तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मधे तो माणूस उभा होता. मला ती जागा अगदी हातभर अंतरापर्यंत ठरवता आली. त्या शोधाचा मला फार आनंद झाला, हे लपवून उपयोग नाही. भर उन्हात, त्या घाणीत उभा राहून मी स्वतःवर खूश झालो होतो.

तिथूनच मी जुव्याला गेलो. जुवं म्हणजे खाडीकाठची पंचवीस-तीस घरांची वाडी. दारांपुढे होड्या पालथ्या घातलेल्या, त्यांच्यावर बांबूच्या काठ्या नि फाटकी जाळी रचून ठेवलेली. शांतारामची बायको ओटीवर मासळीची टोपली लावत होती. खाडीवरच्या घरात बर्फातली मासळी पाहून माझ्या चेहऱ्यावर नवल दिसलं असणार, कारण तिने आपणहून सांगितलं, “बंदरावरनं आणते इकत. इथं आता काय मिळतंय. आधी तिसऱ्या-शिंपल्या काढायचो आमी, पाटीपाटीनं. आता चिखलात हात घातला तर खाज सुटते.” तिचं नाव सुनंदा.

शांताराम आतून आला. पाळी करून झोपला होता. चाळिशीचा, किडकिडीत, अंगात बनियन. मी कोण ते सांगितलं तशी त्याने आधी अंगात सदरा चढवला आणि मगच माझ्यासमोर बसला.

“फोटो तुम्ही काढलाय?”

“व्हय.”

“कॅमेरा कुठला?”

“मेव्हण्याचा. तो आखातात हाये. सुट्टीला आलावता तवा ठेवून गेला. आधी पोरांचेच काढायचो.”

“पंपघराच्या जाळीवरून काढलात. तिसऱ्या खांबापाशी.”

टोपली लावणारे सुनंदाचे हात थांबले.

“घाबरू नका. मी परीक्षक आहे. फोटो इथलाच आहे ना, एवढंच बघायला आलो.”

“तितंच कामाला हाये मी,” तो म्हणाला. “ठेकेदाराच्या हाताखाली. पंप चालू-बंद करायचं काम. सकाळच्या ओहोटीला नळ सोडायचा, भरती लागायच्या आधी बंद करायचा. सोडतो मीच, साहेब.”

पुढचं तो मान खाली घालून बोलला.

“माजा बाप त्याच खाडीत मासं मारायचा. आता तितं माज्याच हातानं सोडतो. अर्ज केले वाडीनं, चार येळा केले. माणसं येतात, बाटलीत पाणी भरून नेतात. ती येनार त्याच्या आदल्या दिवशी आमाला सांगतात, उद्या पंप नाय लावायचा. पाणी चांगलंच येतंय मग. म्हनून म्हटलं, पेपरात फोटो तरी येऊ दे. लोकं बघतील. मला बक्षीस नको. नाव पन नको. नुसता छापा.”

त्याच वेळी मी हो म्हणायला हवं होतं. संपादकांकडे जाऊन तो फोटो बिननावाचा आतल्या पानावर लावणं मला जमलं असतं; असे दोन-चार फोटो मी पूर्वी लावलेही होते. पण मला तो पहिल्या पानावर हवा होता, अर्धं पान भरून, आणि मी निवडलेला म्हणून.

“बक्षीस मिळालं तरच पहिल्या पानावर येईल,” मी म्हणालो. “आणि बक्षीस म्हटलं की नाव द्यावं लागतं.”

त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, “नाव कळलं तर काढून टाकतील ना.”

“पुलावर कोन पन उभा ऱ्हातो,” शांताराम तिला म्हणाला. “सुट्टीच्या दिवशी काढला म्हनायचं. पुलावरनं काढल्याबद्दल कोन काय करनार?” मग माझ्याकडे वळून, “पन साहेब, पुलावरनं हे तसंच ऱ्हायला पायजे. जाळीवर आमी तिघंच जातो. जाळीचं नाव निघालं तर संपलं.”

“पुलावरूनच राहील.”

“शब्द?”

“शब्द,” मी म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही तिघं पुन्हा त्याच वर्गात बसलो. खानविलकरांनी घरून थर्मासमधून चहा आणला होता. पेले भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मग? सापडला पूल?”

“फोटो माणकीचाच आहे. मी खात्री केली.”

“पुलावरून?”

“माणकीचाच आहे, एवढं पुरे नाही का?”

“मला पुरे आहे,” ते म्हणाले. “पण नियम आपणच केलाय, परचुरे. स्थळ खोटं निघालं तर प्रवेशिका बाद. मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. तुम्ही म्हणाल ते मी लिहितो. पण माझ्यासारख्या माणसाला ती सावली दिसली, तर आणखी कुणाला दिसणार नाही का? त्यापेक्षा धुक्यातल्या तिवरांना पहिला नंबर देऊ. तोही देखणा आहे.”

धुक्यातली तिवरं खरंच देखणी होती. तसे फोटो मी स्वतः शंभर काढले होते.

बाई म्हणाल्या, “अहो, परीक्षक जाऊन बघून आले आहेत, आता आणखी काय पाहिजे?”

“परीक्षकांनी काय पाहिलं तेच मी विचारतोय. ते सांगत नाहीत. म्हणजे त्यांनाही खात्री नाही, असं मी धरून चालतो.”

ते हे अगदी सौम्यपणे बोलले. चहाचा घोट घेत. माझ्या डोळ्यांबद्दल आजवर कुणी अशी शंका काढली नव्हती. मी पिशवीतून पेन्सिल काढली, फोटो ओढून घेतला.

“पुलावरून नाही,” मी म्हणालो. “पुलावरून हा ओहोळ दिसतच नाही. हा पंपघराच्या लोखंडी मार्गिकेवरून काढलाय. ही सावली तिच्या कठड्याची. हे बघा, तिसरा खांब, हा चौथा. सकाळी साडेसातच्या सुमाराला. मी तिथे खाली उभा राहून एकेक रेघ जुळवली आहे. याच्याइतका खरा फोटो या दोनशेंत दुसरा नाही.”

“परचुरे, पुरे,” वेलणकरबाई म्हणाल्या.

पण मी बोलत राहिलो. नळ फोटोत का दिसत नाही, तेही समजावून सांगितलं. खानविलकर हनुवटीला हात लावून ऐकत होते.

“मार्गिकेवरून,” ते म्हणाले. “तिथे बाहेरचं कुणी जाऊ शकत नाही.”

मी पेन्सिल खाली ठेवली. “मी नाव सांगत नाहीये,” मी म्हणालो.

“मी विचारतही नाही.” त्यांनी निकालाचा कागद पुढे ओढला. “फोटो अस्सल आहे, माझी हरकत संपली. पहिला नंबर द्या.”

“स्थळ?”

“पुलावरून, असंच लिहू. कशाला उगाच?”

आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तसं लिहिलं, सही केली, कागद माझ्याकडे दिला. घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं की आज मी कारखानदारांच्या माणसाची सही त्यांच्याच नळावर घेतली. जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

वर्धापनदिनाला फोटो छापून आला. त्या दिवशी अंक दहा वाजायच्या आत संपला. माणकीच्या बाजारात लोकांनी तो दुकानांच्या काचांना लावला. सरकारी माणसं आली, या वेळी न सांगता आली, आणि नळ बंद झाला. नऊ दिवस बंद होता.

बक्षीस समारंभ नगरवाचनालयाच्या सभागृहात होता. शांताराम इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता, सुनंदाने नाकात मोठी नथ घातली होती. बक्षीस खानविलकरांच्या हस्ते होतं. त्यांनी शांतारामच्या हातात मानचिन्ह दिलं, हात हातात घेतला. मी फोटो काढायला समोरच गुडघ्यावर बसलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“सुंदर फोटो आहे हो,” ते म्हणाले. “पंपावर ना तुम्ही?”

शांतारामने खाली माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेरा डोळ्याला लावलेला होता, तो तसाच ठेवला.

समारंभानंतर मी त्याला गाठलं नाही. गर्दी होती असं मी स्वतःला सांगितलं. पुढचे काही दिवस मी जुव्याला गेलो नाही. कुणाकडून तरी कळलं की त्याला काढलेलं नाही, फक्त पंपावरून हलवलंय. मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, बघ, खानविलकर माणूस तसा नाही.

तीन आठवड्यांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, कार्यालयात फोन आला. रंगाच्या कारखान्यात अपघात झालाय, जाऊन ये. मी जायच्या आधीच त्यांनी माणसाला बाहेर काढून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. कारखान्याच्या आवारात मला एक सिमेंटची टाकी दाखवली. सांडपाण्यातला गाळ खाली बसायला तिच्यात सोडत. वर्षातून एकदा माणूस उतरवून ती साफ करायची. दोरी न बांधता, तोंडाला ओला फडका बांधून शांताराम शिडीवरून खाली उतरला, गाळात फावडं मारलं, आणि आतून वायू आला. वर उभ्या असलेल्यांनी सांगितलं, तो ओरडलासुद्धा नाही. उभा होता तो खाली बसला, इतकंच. त्याला काढायला उतरलेला दुसरा मजूर वाचला, पण पुढे कधी धड बोलू शकला नाही.

मी टाकीचा फोटो काढला. ते माझं कामच होतं.

दवाखान्याच्या आवारात चाफ्याखाली खानविलकर उभे होते. एकटे. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मला वाटलं होतं, मी त्यांची गचांडी धरीन.

तेच बोलले. “त्याला काढणार होते, परचुरे. दुसऱ्याच दिवशी. मी म्हटलं, काढू नका, बोभाटा होईल, आत्ताच फोटो छापून आलाय. मी म्हटलं, त्याला गाळाच्या टाकीकडे द्या.” मग ते म्हणाले, “तिथून खाडी दिसत नाही, म्हणून.”

“तुम्ही त्यांना सांगितलंत कशाला? मार्गिकेचं?”

“मी त्यांचा सचिव आहे,” ते म्हणाले. “मला त्यांनी बैठकीला बसवलं होतं ते कशाला? तुम्हाला माहीत नव्हतं?”

बातमी दुसऱ्या दिवशी पाचव्या पानावर चार ओळींची आली. कारखान्याचं नाव नव्हतं, फोटोही नव्हता. नळ त्याआधीच पुन्हा सुरू झाला होता. फक्त त्यांनी तो लांबवून खोल पाण्यात नेऊन सोडला. आता तो कुठल्याच ओहोटीला उघडा पडत नाही.

वेलणकरबाई एकदा एसटी स्टँडवर भेटल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “मी तुम्हाला आणखी जोरात थांबवायला हवं होतं. पण मलाही तोच फोटो पहिला यायला हवा होता.” आणि गाडी आली तशी त्या चढून गेल्या. त्यानंतर आम्ही एकमेकांना टाळलं.

दीड महिन्याने मी जुव्याला गेलो. कशाला गेलो ते नीट सांगता येणार नाही. सगळं कबूल करावं असं मनात होतं. वाटेत वाक्यंही जुळवली होती. सुनंदा ओटीवरच होती. मला बघून ती उठली, आत जाऊन सतरंजी आणली, अंथरली, पाण्याचा तांब्या ठेवला. मुलगी शाळेत गेली होती. थोरला मुलगा, ती म्हणाली, ठेकेदाराकडे लागला.

“कुठे?”

“तितंच. त्यांच्या जागी घेतलं त्याला. ती माणसं म्हनाली, तेवढं आमी करतो तुमच्यासाठी.”

मी पाणी प्यायलो. बोलायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

“साहेब, येक इचारायचं होतं. बरं झालं आलात. त्यांची बदली केली ना, त्या दिवशी घरी येऊन जेवलेच नायत. मी म्हटलं, कुनी सांगितलं असंल जाळीचं? ते दोघं सोबती नाय सांगायचे, ते आमच्या भावकीतले. मी म्हटलं, त्या पेपरवाल्या साहेबांनी तर नाय? तर माज्यावर रागावले. म्हनाले, त्या मानसानं शब्द दिलाय. माज्या घरात बसून दिलाय. तो मानूस नाय सांगायचा.”

ती माझ्याकडे पाहत होती. तिच्या बघण्यात संशय नव्हता. तिला फक्त खात्री हवी होती, तो बरोबर होता याची.

“तुमी नाय ना सांगितलंत?”

वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी माझ्यापाशी होती. पहिलं वाक्य तर जिभेवर होतं.

“नाही,” मी म्हणालो.

“तेच,” ती म्हणाली, आणि तिने तांब्या पुन्हा माझ्याजवळ सरकवला. “वाडीत लोकं काय पन बोलतात. तुमचं नाव कुनी घेतलं ना, तर मी भांडते त्यांच्याशी.”

याला सोळा वर्षं झाली. ती अजूनही भांडते, असं कानावर येतं.